रावांच्या घरचं दूध

वैशाख लागला आणि दूध टिकेना.

म्हशी दोनच होत्या. गोठ्याच्या पत्र्यावर ऊन असतानाच संध्याकाळच्या धारा काढाव्या लागत, उशीर झाला की थोरली म्हैस पाय झाडायची. दूध कासेतून गरम यायचं आणि कॅनमध्ये गरमच राहायचं. कमला कॅन पाण्याच्या घमेल्यात उभा करायची, भोवती ओलं गोणपाट गुंडाळायची. पण घमेल्यातलं पाणीच हाताला कोमट लागायचं. घरातल्या लहान फ्रिजमध्ये कॅन मावत नव्हता.

गावची डेरी संध्याकाळी थोडाच वेळ उघडी असे. नेमकी त्याच वेळी शेतीची लाइट यायची. जयवंतराव मोटर चालू करून उन्हाळी बाजरीला पाणी द्यायला जायचे आणि ते परत येईपर्यंत डेरीचं शटर पडलेलं असायचं. मग संध्याकाळचं दूध रात्रभर घरात. सकाळच्या धारेबरोबर दोन्ही वेळचं दूध स्कूटरवर.

"मी नेऊन देते ना संध्याकाळी," कमला म्हणायची. "तळ्याच्या कडेनं तर जायचं."

"नको."

"भक्ती येईल सोबत."

"सांगितलं ना नको. आपल्या घरच्या बायका डेरीच्या लाइनीत उभ्या राहत नाहीत."

डभोई रोडवरून आत वळलं की कणजीपुरा. गावात मराठी घर हे एकच. जयवंतरावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, तेव्हा मिळालेली जमीन. भावकी केव्हाच बडोद्याला गेली, निजामपुऱ्यात फ्लॅट घेऊन नोकरीला लागली. जयवंतराव तेवढे राहिले. गाव त्यांना अजून 'राव' म्हणायचं, आणि ते डेरीवर आले की पुढची माणसं थोडी सरकून जागा करायची. जयवंतरावांना ते आवडायचं. आवडतं असं मात्र ते कधी दाखवायचे नाहीत.

कमला बडोद्यातल्या अकोट्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला म्हशीच्या जवळ जायचीही भीती वाटायची. आता तिच्या दोन्ही अंगठ्यांची पेरं सुजून कायमची जाड झाली होती.

वैशाखातल्या पहिल्याच आठवड्यात डेरीवरून कॅन परत आला. स्पिरिटच्या दिव्यावर नमुना धरला तर परीक्षानळीतच दूध फाटलं. जयवंतराव घरी आले, स्कूटर स्टँडवर लावली आणि सगळा कॅन अंगणात पालथा केला. रजको, म्हणजे लसूणघास, कापायला आलेल्या दोघी मजूरबाया विळे हातात धरून बघत राहिल्या. दूध तापलेल्या मातीत शिरलं, त्यावर माशा बसल्या.

"कॅन नीट धुवायला काय जातं तुझं?" ते म्हणाले. "सगळ्या लाइनीसमोर परत घेऊन यायला लागलं."

"धुते मी. उकळत्या पाण्यानं धुते. दूध रात्रभर राहतं, म्हणून..."

"बाकीच्यांचं कसं राहतं?"

बाकीच्यांचं राहत नव्हतं. बाकीचे संध्याकाळीच भरत होते. खराटा घेऊन कमलानं ओल्या मातीवर कोरडी माती ओढली.

चार दिवसांनी पुन्हा तेच झालं. या वेळी जयवंतराव ओरडले नाहीत, नुसता कॅन तिच्या पायाशी आणून ठेवला. ते जास्त वाईट होतं.

भक्तीचं डोकं तेव्हा वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. अकरावी सायन्सला ती केमिस्ट्रीत नापास झाली होती. जूनमध्ये शाळा परत परीक्षा घेणार होती. त्यात पास झाली तर बारावी, नाहीतर सायन्स सोडायचं. सोडलं की मग काय, ते घरात कुणी बोललं नव्हतं; निजामपुऱ्याच्या काकूचा फोन मात्र हल्ली वाढला होता आणि तिच्या बोलण्यात कुणाकुणाचे मुलगे यायला लागले होते. भक्तीला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक घेऊन ती ओसरीवरून गोठ्यात, गोठ्यातून मोटरच्या खोलीत फिरायची, आणि एकाच पानावर असायची.

दुपारी ती डेरीवर मितालीबेनकडे शिकायला जायची. मिताली पटेलांची सून, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. डेरीवर दूध तपासायचं काम तिला दोन वर्षांपूर्वी मिळालं होतं. त्याआधी ते काम डेरीचे चेअरमन विक्रमसिंहबापूंचा पुतण्या करायचा आणि दुधाचा दर ज्यावर ठरतो ते फॅट ज्याचं त्याचं तोंड बघून लावायचा. वरच्या ऑफिसनं त्याला काढून मितालीला घेतलं. बापूंनी ते गिळलं होतं, पण पचलं नव्हतं.

"पाठ नको करू," मिताली गुजरातीत म्हणायची. "सोडियमकडे बाहेर एक इलेक्ट्रॉन जास्त आहे, त्याला तो द्यायचाय. क्लोरिनला एक कमी पडतो. दोघं भेटले की मीठ. यात पाठ काय करायचं?"

टेबलावर ती डेरीतल्याच वस्तू मांडायची. लिंबाचा रस, साबणाचं पाणी, राख, खायचा सोडा. एका छोट्या बाटलीत नारिंगी द्रव होता. त्याचे दोन थेंब लिंबात टाकले की पिवळे राहायचे, सोड्याच्या पाण्यात टाकले की गुलाबी लाल व्हायचे.

"रोझॅलिक. दुधात कुणी सोडा घातला असेल तर हे सांगतं. ॲसिडला सोडा मारतो, मग आंबट दूध आंबट लागत नाही. पण सोडा स्वतः लपत नाही." तिनं थोडा द्रव औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिला. "घे. घरी जे दिसेल त्यात टाकून बघ. हात खराब झाल्याशिवाय केमिस्ट्री येत नाही."

भक्तीनं खरंच दिसेल त्यात टाकून बघितलं. चिंचेचं पाणी, ताक, चुन्याची निवळी. संध्याकाळी कमला चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि भक्ती दारात बसून मोठ्यानं घोकत होती.

"ॲसिड अधिक बेस बरोबर क्षार आणि पाणी."

"म्हणजे काय गं?" कमलानं तव्यावरून नजर न काढता विचारलं.

आईनं अभ्यासातलं काही विचारावं हे भक्तीला नवीन होतं. ती खुलली. "म्हणजे बघ, दूध नासतं ते कशानं? त्यात ॲसिड तयार होतं. लॅक्टिक. आंबटपणा म्हणजे ॲसिड."

"आणि मग?"

"त्यात बेस पडला की आंबटपणा जातो. आपला खायचा सोडा असतो ना, तो बेस. दोघं एकमेकांना संपवतात."

"म्हणजे सोडा पडला की ते दूध फाटायचं नाही."

"लवकर नाही फाटणार."

कमलानं भाकरी उलटली. तिची कड फुगून वाफ बाहेर आली. "बरंच शिकवतात गं तुम्हाला," ती म्हणाली.

त्यानंतर दूध परत आलं नाही. जयवंतराव सकाळी जाऊन यायचे, रिकामा कॅन ओट्यावर ठेवून चहा मागायचे. "बघ, नीट धुतलं की राहतं," एकदा ते म्हणालेही. कमला हसली नाही. ऊन वाढतच होतं. दुपारी म्हशींच्या अंगावर पाणी मारलं तर त्याची वाफ व्हायची. बाजरीची पानं सकाळी दहालाच सुतळीसारखी वळायची. भक्तीला समीकरणं जुळवता यायला लागली होती. मोल मात्र डोक्यात शिरत नव्हता.

मग एका सकाळी डभोईच्या शीतकेंद्रावरून निरोप आला, कणजीपुऱ्याच्या दुधात सोडा लागतोय, घरोघरचं दूध तपासा. मितालीनं त्याच दिवशी बाटली काढली. लाइनीतल्या प्रत्येकाच्या दुधात थेंब टाकले. सगळ्यांचं मातकट पिवळं राहिलं. जयवंतरावांच्या नळीत थेंब पडले आणि दूध गुलाबासारखं लाल झालं.

"राव, आ तो लाल थयुं," मागून कुणीतरी म्हणालं.

मितालीनं दुसरी नळी घेतली, पुन्हा केलं. पुन्हा लाल.

"माझ्या दुधात सोडा?" जयवंतरावांचा आवाज फुटला. "माझ्या?"

"काका, मी म्हणत नाही तुम्ही घातला. पण दुधात आहे."

"तुझ्या बाटलीत असेल! आम्ही काय हे करणारी माणसं आहोत? चार पिढ्या या गावात आहोत. विचार कुणालाही."

लाइन तशीच उभी होती, पण आज कुणी सरकून जागा केली नाही. मितालीनं कॅनचं झाकण लावलं आणि तो बाजूला ठेवला.

ओरडा ऐकून विक्रमसिंहबापू ऑफिसमधून बाहेर आले. त्यांनी जयवंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आत नेलं, पाणी दिलं. त्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येईल इतपत मोठं होतं.

"रावसाहेब, तुमच्या घराला मी ओळखतो. या मुलीकडून चूक झाली असणार. एक काम करू. परवा सकाळी सगळ्यांसमोर परत टेस्ट. बाटली मी डभोईहून नवीन आणतो. तुमचं दूध चांगलं निघालं तर ती इथे नाही. खोटा आळ घेणारी बाई आपल्याला नको."

"मला ते चालेल," जयवंतराव म्हणाले.

घरी येऊन त्यांनी हे सगळं उभ्यानंच सांगितलं. सांगताना टोपी काढून हातात चुरगाळत होते. कमला तांदूळ निवडत होती. तिची बोटं ताटात थांबली आणि परत चालू लागली.

"तिच्याकडे शिकायला जायचं नाही आता," ते भक्तीला म्हणाले. "समजलं?"

भक्तीला बाबांसाठी वाईट वाटत होतं. मितालीबेन चुकेल असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल? ती मागच्या अंगणात गेली, परत आली, माठातून पाणी घेतलं, न पिताच ओतून दिलं.

संध्याकाळी धारा काढताना ती दोन वाट्या घेऊन गोठ्यात गेली. "थोडं दे," म्हणाली. कमलानं सडातून सरळ वाटीत धार सोडली. भक्तीनं दुसऱ्या म्हशीचंही घेतलं. मोटरच्या खोलीमागे जाऊन तिनं बाटलीतले थेंब टाकले. दोन्ही वाट्यांत मातकट पिवळं. तिला सुटल्यासारखं झालं. आपल्या म्हशींचं दूध चांगलं होतं.

मग अंधार पडायच्या सुमारास ती घमेल्यापाशी गेली, कॅनचं झाकण उघडून पळीभर दूध घेतलं. हेच दूध. याच म्हशींचं. थेंब पडले आणि पळीत लाल रंग फिरायला लागला.

तिनं पळी धुतली. परत धुतली. कॅनला हात लावणारी घरात माणसं किती? बाबा तर अजून बाजरीत होते. तिला चुलीपाशी बसून स्वतः सांगितलेलं सगळं आठवलं. शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी रजको कापायला बसल्या. दव नव्हतंच, पाती कोरडी होती.

"आई, तू सोडा घालतेस."

कमलानं मूठभर रजको कापला, बाजूला ठेवला. "चमचाभर," ती म्हणाली.

"का?"

"दोनदा कॅन परत आला तेव्हा होतीस ना घरात? बघितलंस ना?" तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "तिसऱ्यांदा आला असता तर त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही. मारलं नसतं. ते मारत नाहीत. पण ते कॅन आणून पायाशी ठेवतात ना, तेव्हा मला वाटतं मीच नासलेय."

"मला सांगायचंस."

"तूच सांगितलंस की. सोडा पडला की फाटायचं नाही म्हणून." ती टोमणा मारत नव्हती. खरंच सांगत होती. "खातो आपण सोडा. भज्यांत घालतो. विष थोडंच आहे? हे तपासतात ते मला तेव्हा कुठे माहीत."

भक्तीचा विळा गवतात रुतून राहिला. तिनं आईला बाटलीचं कधी सांगितलंच नव्हतं. अर्धंच सांगितलं होतं.

"काल फाटायच्या भीतीनं हात गेलाच, ते दूध घरीच ठेवलंय. आजपासून नाही घालणार," कमला म्हणाली. "उद्या दूध चांगलं निघेल. त्यांचं नाव राहील. झालं मग."

"मितालीबेनला काढतील."

"का? तिनं काय केलंय?"

"बाबांनी तिला खोटं पाडलंय. उद्या दूध चांगलं निघालं तर बापू तिला काढणार. त्यांना त्यांचा पुतण्या परत आणायचाय. सगळ्या गावाला माहीत आहे."

भारा बांधायला कमलानं दोरी पसरली, त्यावर रजको रचला, गुडघा देऊन आवळला. आवळताना दोरी तळहातातून सरकली आणि कातडी सोलली गेली. तिनं हात पदरात धरला.

"मी बाबांना सांगू?" भक्तीनं विचारलं.

"नको." कमला झटकन म्हणाली. "तू नाही सांगायचं. तुझं बोलून तू बसलीस."

त्या दिवशी दुपारी भक्ती तळ्याकडे गेली. डेरीच्या मागच्या दाराशी मिताली नळ्या धूत होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"बाबांनी यायला बंदी केली असेल," मिताली म्हणाली.

"हो."

"सासऱ्यांनी मला सांगितलंय, उद्या तुझं खोटं ठरलं तर परत घराबाहेर काम नाही." तिनं नळी उजेडासमोर धरली, आत डाग आहे का बघितलं. "भक्ती, मी दोनदा केली टेस्ट. तुला माहीत आहे मी कशी करते. तुला घरातलं काही माहीत असेल तर सांग."

भक्तीनं मान हलवली. ती मान नाही अशी हलली की नुसतीच, ते तिचं तिलाच कळलं नाही. ती तिथून जवळजवळ पळाली. आख्खी दुपार ती मोलचं पान उघडून बसली आणि एकही ओळ तिला दिसली नाही. एकदा वाटलं, उद्या डेरीवर जाऊन सगळं सांगून टाकावं. एकदा वाटलं, दूध चांगलंच निघू दे, बाबांची मान वर होऊ दे. मग मितालीबेनचे ओले हात डोळ्यांसमोर यायचे. संध्याकाळी घमेल्यातल्या कॅनकडे तिनं बघितलंच नाही.

टेस्टच्या सकाळी डेरीच्या ओट्यावर सगळं गाव होतं. ज्यांच्याकडे म्हशी नव्हत्या तेही आले होते. जयवंतरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मायलेकींना घरी राहा म्हणून सांगितलं होतं, पण स्कूटर वळणाआड गेल्यावर कमलानं डोक्यावरून पदर घेतला, चपला घातल्या.

"चल," ती म्हणाली.

"बाबा..."

"चल म्हणते ना."

त्या पोचल्या तेव्हा बापू नवीन बाटलीचं सील सगळ्यांना दाखवत होते. जयवंतरावांनी स्वतः कॅन उघडला. बापूंनी स्वतः नळीत दूध घेतलं, स्पिरिट घातलं. मिताली भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घट्ट. तिला कुणी जवळ बोलावलं नव्हतं.

बापूंनी थेंब टाकले, अंगठा लावून नळी हलवली आणि वर धरली.

लाल. परवापेक्षा गडद.

बापू नळीकडे बघत राहिले. बाटली त्यांचीच होती, सील त्यांनीच तोडलं होतं. जयवंतरावांचा चेहरा आधी कोरा होता, मग कानापर्यंत रक्त चढलं.

"हे... यात काहीतरी..." त्यांनी मितालीकडे बोट केलं. "हिनं रात्री येऊन..."

"सोडा में नाख्यो छे."

आवाज मोठा नव्हता. कमला ओट्याच्या पायरीपाशी उभी होती. ती गुजरातीत बोलली, म्हणजे ते नवऱ्याला नव्हतं, गावाला होतं. "आधी पण मीच घालत होते. आज पण मीच घातला. या मुलीनं खोटं काही केलं नाही."

जयवंतरावांचं बोट हवेतच राहिलं. मग हात खाली आला. त्यांनी कॅनचं झाकण शोधलं, ते पायाशीच पडलं होतं, तरी त्यांना दिसायला वेळ लागला. झाकण लावून त्यांनी भरलेला कॅन उचलला आणि ते चालत निघाले. स्कूटर तिथेच राहिली.

मिताली भिंतीपासून हलली नव्हती. तिनं कमलाकडे बघितलं, मग भक्तीकडे. भक्तीकडे बघताना तिचे डोळे वेगळे झाले. "तने खबर हती," ती म्हणाली. भक्तीला माहीत होतं, तर.

वाटेत तळ्याच्या कडेला भक्तीनं आईला विचारलं, "तू म्हणाली होतीस आता घालणार नाही. तिथे जाऊन नुसतं बोलली असतीस तरी..."

"नुसतं बोलले असते तर ते म्हणाले असते, हिचं ऊन डोक्यात गेलंय, घरी जा. दूध तर चांगलं निघालं असतं. मग माझं कोण ऐकणार होतं?" कमला भराभर चालत होती. "हातपाय गार पडलेत माझे. हात धर."

घरी जयवंतराव बाजेवर बसले होते. त्यांनी कॅन अंगणात ओतला नव्हता. तो ओट्यावर होता.

"मला सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगत होते. वैशाख लागल्यापासून सांगत होते. संध्याकाळचं संध्याकाळी जाऊ दे म्हणून."

जयवंतराव उठून, टोपी न घालताच, शेतात गेले. त्या दिवशी ते घरात जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी जेवले पण बोलले नाहीत. ताट समोर आलं की खायचे, उठायचे.

डेरीनं त्यांचं दूध अमावस्येपर्यंत बंद केलं. कमलानं दही लावलं, घुसळलं, लोणी कढवलं. चुलीच्या धगीनं तिचे हात भाजून निघाले. घर तुपाच्या वासानं भरून गेलं. निजामपुऱ्याच्या काकूला कुठून तरी कळलं, तिचा फोन आला. कमलानं भक्तीला तो घेऊ दिला नाही, स्वतः घेतला, "हो, घातला होता," म्हणाली आणि ठेवला.

भक्ती रोज दुपारी डेरीच्या मागच्या दारापर्यंत जायची आणि परत फिरायची. एकदा दार उघडंच होतं. मिताली आत रजिस्टर लिहीत होती. वर न बघता म्हणाली, "मोल झाला?"

"नाही."

"बस."

तिनं दुसरं काही विचारलं नाही. पूर्वीसारखी चेष्टाही केली नाही. डझन म्हणजे बारा, तसा मोल म्हणजे एक ठरलेला आकडा, एवढंच, असं कोरडेपणानं समजावलं आणि कागद पुढे सरकवून गणितं करायला लावली. पहिली दोन चुकली. तिसरं बरोबर आलं. मितालीनं त्यावर खूण केली आणि पुढचं दाखवलं.

अमावस्या उलटली. त्या संध्याकाळी लाइट आली तशी जयवंतराव मोटर चालू करून फावडं खांद्यावर टाकून बाजरीत उतरले. कमलानं धारा काढल्या. कॅनवर फडकं बांधलं. आज तिनं तो घमेल्यात ठेवला नाही. पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि भक्तीला म्हणाली, "जरा हात लाव."

बांधावरून जाताना जयवंतरावांनी मान वर केली. पाण्याचा दांड त्यांनी नुकताच फोडला होता, पाणी पायांवरून वाहत होतं. दोघी त्यांच्या समोरून गेल्या. त्यांनी हाक मारली नाही. कमलानंही पावलं हळू केली नाहीत.

डेरीच्या लाइनीत बायका होत्या, पुरुष होते, सायकलला कॅन अडकवलेली पोरं होती. कमला आली तसं बोलणं थांबलं. सगळ्यात पुढे असलेला एक म्हातारा कॅन घेऊन बाजूला झाला. जुनी सवय.

"लो बेन, तमे आगळ आवी जाओ."

"ना भाई," कमला म्हणाली. "मारो वारो आवशे एटले आवीश."

पाळी आली की येईन, असं सांगून ती लाइनीच्या शेवटी गेली आणि डोक्यावरचा कॅन उतरवून उभी राहिली. मानेवरून घाम पाठीवर उतरत होता. लाइन सरकली की ती कॅन पायानं पुढे ढकलायची. पुढच्या बाईनं मागे वळून बघितलं, मग आपल्या म्हशीचं काहीतरी सांगायला लागली. कमला ऐकत होती.

नंबर आला. मितालीनं दिव्यावर नळी धरली. दूध फाटलं नाही. मग तिनं बाटली काढली. लाइन बघत होती. थेंब पडले, नळी हलली, रंग मातकट पिवळा राहिला. मितालीनं नळी उजेडात जरा जास्तच वेळ धरली, सगळ्यांना दिसेल इतका, आणि मग फॅट लावून दूध मोजून घेतलं.

परत येताना अंधारून आलं होतं. जयवंतराव बांधावर बसून पायांचा चिखल काडीनं काढत होते. कमला रिकामा कॅन हातात घेऊन पुढे जायला लागली.

"फॅट किती लागलं?" त्यांनी विचारलं. खाली बघूनच.

कमला थांबली. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होते.

"पावणेसात."

"बरं आलं," ते म्हणाले. मग फावडं घेऊन उठले, कारण पुढचा वाफा भरून पाणी वाटेवर यायला लागलं होतं.